बुधवारची बरणी

माझी आत्या एकोणीस वर्षं चिलटं मोजत होती. हौस म्हणून नव्हे, नोकरी म्हणून. शाळेत 'माझ्या घरातील आदर्श व्यक्ती' या निबंधात मी हे प्रामाणिकपणे लिहिलं, तेव्हा मास्तरांनी समासात लाल शाईने 'थट्टा नको' असं लिहून दहापैकी तीन गुण दिले. आत्याने ती वही उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "तीन? मास्तरांनी नीट मोजलेलं दिसत नाही."

ती पशुरोग प्रयोगशाळेत कामाला होती. लागली तेव्हा झाडू मारायला लागली. त्या काळी चिलटं मोजायला एक गृहस्थ होते आणि त्यांना सर्दीचा कायमचा त्रास. एके दिवशी पांढऱ्या बशीत दीड हजार चिलटं पसरून, भिंगाला डोळा लावून ते बसले आणि शिंकले. चिलटं प्रयोगशाळाभर झाली. गृहस्थ बाहेर जाऊन डोक्याला हात लावून बसले. आत्याने झाडू बाजूला ठेवला, जमिनीवर फतकल मारली आणि ओल्या बारीक ब्रशने एकेक टिपायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत बशी भरली. तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं, तर बशीत धूळ नव्हती, पतंगाचा पंख नव्हता, मुंगीचा पाय नव्हता. नुसती चिलटं.

"हे तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी कळलं?" त्यांनी विचारलं.

"साहेब, नऊ वर्षं हेच झाडतेय. ओळख नको का व्हायला?"

पुढच्या महिन्यापासून आत्या भिंगापाशी बसली. सर्दीवाल्या गृहस्थांना टपालखात्यात, म्हणजे त्याच कार्यालयाच्या टपाल विभागात, पाठवण्यात आलं. तिथे कागदांवर वजन ठेवलेलं असतं.

आता चिलट म्हणजे डास नव्हे. चिलटाच्या शेजारी डास उभा केला तर तो पैलवान दिसेल. मच्छरदाणीच्या जाळीतून चिलट असं आत येतं, जणू दार उघडंच होतं. डासाला साचलेलं पाणी लागतं. याला शेण कालवलेला ओला चिखल आवडतो. पंखांत दम नाही, जरा वारा सुटला की घरी बसतं. भिंगाखाली मात्र त्याच्या पंखांवर राखी ठिपक्यांची नक्षी दिसते आणि त्या नक्षीवरून आत्या त्याची जात सांगायची.

एवढ्याशा जिवाला मोजायचं कारण म्हणजे मेंढ्यांचा निळ्या जिभेचा रोग. त्यात मेंढी तापाने फणफणते, ओठ सुजतात, लाळ गळते, खुरांच्या वर सूज येऊन ती लंगडते, आणि काहींची जीभ शाईच्या दौतीत बुडवल्यासारखी निळी पडते. गाभण असली तर गर्भ टाकते. हा रोग माणसाला होत नाही आणि मेंढ्या एकमेकींना खेटून बसल्या म्हणूनही पसरत नाही. चिलट आजारी मेंढीचं रक्त पितं, आठवडा-दहा दिवस रोग त्याच्या अंगात वाढतो, मग ते दुसऱ्या मेंढीवर जाऊन बसतं. "पत्र दुसऱ्याचं, पोचवायचं काम याचं," आत्या म्हणायची.

चावतात त्या फक्त माद्या. आत्या बशीत त्यांचे तीन ढीग करायची आणि त्यांना तिची स्वतःची नावं होती: उपाशी, जेवलेल्या आणि पोटुश्या. छापील तक्त्यात 'रिक्त', 'रक्तयुक्त' आणि 'अंडीयुक्त' असे तीन रकाने होते, पण ते डॉक्टरांसाठी. हे घरी सांगितलं तेव्हा आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, पेशाने शिंपी आणि स्वभावाने वात्रट, ते शिलाई मशिनवरून म्हणाले, "म्हणजे चावणाऱ्या सगळ्या बायकाच?"

"हो. आणि पुरुष फुलांवर बसून आयतं गोड चाखतात. आपल्याकडे कुठे वेगळं आहे?"

आतोबांनी मशीन चालू केलं. बोलणं अंगावर आलं की ते मशीन चालू करत.

आत्याच्या आकड्यांचा कार्यालयात दरारा होता. बरणीत फार चिलटं आली की इतर ठिकाणी चौथा हिस्सा मोजून चौपट करतात. तशी रीतच आहे. आत्याला ते पटत नसे. "मी काय अंदाजपंचे बाई आहे?" असं म्हणून ती दोन हजार असोत की पाच हजार, एकूण एक मोजायची आणि जाडजूड वहीत उतरवायची. त्या वहीला आतोबांनी एका नवरदेवाच्या कोटाच्या उरलेल्या कापडाचं कव्हर शिवलं होतं. त्यामुळे ती कपाटात इतर सरकारी वह्यांमध्ये लग्नाला निघाल्यासारखी दिसायची.

बरण्या यायच्या त्या आसपासच्या बावीस मेंढवाड्यांतून. दर बुधवारी संध्याकाळी मेंढवाडावाल्यांनी सापळा टांगायचा: निळसर दिवा, त्याखाली हातभर नळी, नळीत छोटा पंखा, तळाशी साबणाचं पाणी असलेली बरणी. दिव्याला भुलून चिलटं येतात, पंखा आत ओढतो, साबणाचं पाणी पुढचं बघतं. गुरुवारी सकाळी कार्यालयाची जीप फिरून बरण्या गोळा करायची. सुरुवातीला आत्या स्वतः सापळे टांगायला जायची, पुढे गुडघे कुरकुरायला लागले तशी जाईनाशी झाली. तिला आता बरण्या ठाऊक होत्या, मेंढवाडे नव्हते.

नवे डॉक्टर आत्याच्या मुलाच्या वयाचे. त्यांनी भिंतीवर मोठा नकाशा लावून त्यात टाचण्या टोचल्या होत्या. चिलटं फार तिथे लाल, मध्यम तिथे पिवळी, कमी तिथे हिरवी. पूर्वेच्या बाजूला सहा मेंढवाडे होते, त्या सहाही टाचण्या हिरव्या. चार वर्षांपूर्वी त्या लाल होत्या. पूर्वेकडची चिलटं वर्षागणिक कशी घटत गेली यावर डॉक्टरांनी एक लांबलचक भाषण लिहायला घेतलं होतं.

आत्या निवृत्त व्हायला बारा दिवस राहिले होते, तेव्हाची ही गोष्ट. त्याच आठवड्याच्या शुक्रवारी बैठक होती. दमट उकाड्याचे दिवस तोंडावर आले होते, रोगाची लस मोजकीच येणार होती आणि आधी कोणाला द्यायची ती यादी बैठकीत ठरायची होती. यादी टाचण्यांवरून. लाल आधी, मग पिवळे, हिरवे उरली तर.

सोमवारी कार्यालय सुटल्यावर आत्या बसने पूर्वेकडे गेली. निरोपसमारंभाची पत्रिका तिला एका बाईच्या हातात द्यायची होती. ही बाई म्हणजे तुरतुरी. चालणं तसं म्हणून नाव तसं. तिचा नवरासुद्धा लांबून हाक मारताना हेच नाव घ्यायचा. बेचाळीस मेंढ्या होत्या तिच्याकडे आणि तिची बरणी बावीस बरण्यांत सगळ्यात स्वच्छ यायची. तीस-चाळीस चिलटं, संपलं. आत्याच्या डोळ्यांना गुरुवारी तेवढाच विसावा. आभार मानायला हवे होते.

आत्या पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. घराच्या मागे पत्र्याची लांब शेड, शेडीमागे पाण्याची टाकी. टाकीची तोटी ठिबकत होती आणि तिच्याखाली शेण-मातीचा असा राडा झाला होता की खुरांच्या प्रत्येक खळग्यात तपकिरी पाणी साचलं होतं. मेंढ्या शेडीत दाटीवाटीने उभ्या होत्या, पाय आपटत होत्या, कान झटकत होत्या. त्यांच्या पाठींवर धुरासारखं काहीतरी तरंगत होतं. आत्या जवळ गेली. तो धूर नव्हता. एकोणीस वर्षं तिने चिलटं बहुतेक मेलेलीच पाहिली होती. जिवंत, एवढी, एकदम, पहिल्यांदाच भेटत होती. त्यांनीही ओळख दाखवली. तिच्या दोन्ही हातांवर ठिणग्या पडल्यासारखं झालं.

"अगंबाई! तुम्ही?" तुरतुरी बादली घेऊन बाहेर आली आणि जागीच थबकली. "आज सोमवार ना?"

"सोमवारच."

"मग तुम्ही आज कशा?" असं म्हणत ती आत्या आणि शेड यांच्या मधे येऊन उभी राहिली. बेचाळीस मेंढ्या एका अंगाने झाकायचा तो प्रयत्न होता.

"पत्रिका द्यायला आले. का गं, सोमवारी यायचं नसतं का?"

"यायचं की. पण बुधवारी आला असतात तर... बुधवारी आमचं किती छान असतं!"

"बुधवारी काय असतं?"

तुरतुरीला खोटं बोलता येत नव्हतं, आणि मुख्य म्हणजे यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतही नव्हतं. तिने कौतुकाने सांगितलं. बुधवारी दुपारी ती शेड खरवडून काढते, चुना टाकते. दिराच्या कारखान्यातून माणसाएवढा उभा पंखा आणते आणि सापळ्यासमोर लावते. कोपऱ्यात ओल्या गवताचा धूर करते. सकाळी बरणीचं झाकण लावलं की पंखा परत.

आत्या खाली बसली. बसायला बादलीच होती, ती उपडी करून बसली.

"आणि मेंढ्या कुठे असतात बुधवारी?"

"मागे, टाकीपाशी बांधते. शेड घाण होते ना नाहीतर."

"म्हणजे त्या तिथे चिखलात. आणि पंखा कोणाला?"

तुरतुरीने जरा विचार केला. "बरणीला," ती म्हणाली.

"हे तुला सुचवलं कोणी?"

"तुम्हीच की, बाई."

"मी?"

"चार वर्षांमागे नाही का, तुम्ही सगळ्या मेंढवाडेवाल्यांना प्रयोगशाळेत बोलावलं होतं? माझी बरणी हातात घेऊन तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, 'अगं, तुझा मेंढवाडा आहे की उकिरडा? दोन हजार एकशे सात! पाहुण्यांना तरी सांगायचंस, एवढे जण जेवायला येऊ नका.' सगळे हसले. मीही हसले. घरी आले आणि तेव्हापासून एक बुधवार चुकवला नाही." मग जरा अभिमानाने ती म्हणाली, "शेजारच्या पाचही जणांना मीच शिकवलं. म्हटलं, बाईंच्या तोंडी कशाला लागा."

दोन हजार एकशे सात हा आकडा आत्याला आठवत होता. वाक्य आठवत नव्हतं.

"आता आम्ही पास ना?" तुरतुरीने विचारलं. "यंदा लस आधी आम्हालाच? एकतीस गाभण आहेत, बाई. एकतीस."

आत्याने तिला यादी कशी लागते ते सांगितलं. ज्यांच्या बरणीत चिलटं जास्त, त्यांना लस आधी.

मागे मेंढ्यांचं पाय आपटणं चालूच होतं. मग तुरतुरी हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे आम्ही नापास झालो असतो तर आधी मिळाली असती?"

आत्याने पत्रिका तिच्या हातात दिली आणि चहाही न घेता ती बसथांब्याकडे निघाली.

बसमध्ये तिच्या मनात काय काय आलं ते तिने पुढे कधीतरी आम्हाला सांगितलं, तेही हसत हसत, पण हसण्यासारखं नव्हतं. बारा दिवस राहिले होते. वही कपाटात गेली असती. तिच्यात चार वर्षांचे सहा मेंढवाड्यांचे आकडे खोटे आहेत हे कोणाला कळलंच नसतं, कारण मोजण्यात एकही चूक नव्हती. समारंभाला मुख्यालयाचे मोठे साहेब येणार होते आणि त्यांच्या भाषणात 'एकोणीस वर्षांत एकही चूक नाही' हे वाक्य होतं. टंकलेखकाने तिला ते आधीच दाखवून पेढ्याऐवजी चहा उकळला होता. आणि रोग यंदा येईलच असं तरी कुठे होतं? काही वर्षी येतो, काही वर्षी येत नाही. एवढं सगळं मनात येऊन गेलं, आणि प्रत्येक थांब्यावर हात मात्र चुरचुरत होते.

घरी जेवताना ती एका हाताने दुसरा हात खाजवत होती. आतोबांनी भाजीला मीठ कमी आहे, नवीन गिऱ्हाईक चक्रम आहे, सगळं बोलून पाहिलं. शेवटी तिने सांगून टाकलं.

आतोबा घास हातात धरून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "यात नवल काय? माप घेताना प्रत्येक माणूस पोट आत घेतो."

"म्हणजे?"

"अगं, पँटचं माप घ्यायला टेप काढली रे काढली की समोरच्याचं पोट आत. त्या मापाने पँट शिवली तर दुसऱ्या दिवशी बटण माझ्याच डोक्यावर येऊन आदळायचं. नवखा होतो तेव्हा फार बटणं खाल्ली मी. मग शिकलो. आधी गप्पा मारायच्या. मुलीचं कसं चाललंय, भावाशी बोलणं सुरू झालं का. माणूस सैल झाला की बोलता बोलता टेप टाकायची. तोपर्यंत पोट आपल्या जागेवर आलेलं असतं."

आत्याने ताट बाजूला सरकवलं. "अहो, पण चार वर्षं मी आत घेतलेली पोटं लिहीत बसले त्याचं काय?"

"ते मला नको विचारू. मी उसवतो आणि परत शिवतो. तुमच्या वह्या उसवता येतात का, ते तुमच्या डॉक्टरांना विचार."

मंगळवारी आत्या कपाटातला एक जादा सापळा पिशवीत घालून पुन्हा पूर्वेच्या बसमध्ये बसली. ऊन कलताना तिने स्वतःच्या हाताने तो शेडीत टांगला, मेंढ्यांच्या पाठींच्या जरा वर.

"निदान शेण तरी उचलते," तुरतुरी म्हणाली.

"हात लावशील तर बघ."

"तोटी तरी घट्ट करते."

"आज ठिबकू दे. गुरुवारनंतर कर, तेव्हा खरंच कर."

"बाई, लोक काय म्हणतील ही बरणी बघून?"

"लोक नाही बघणार. मी बघणार. आणि मी काय म्हणायचं ते मी चार वर्षांपूर्वी म्हणून बसलेय."

हे त्यातल्या त्यात माफीच्या जवळपास जाणारं वाक्य होतं. तुरतुरीने ते ठेवून घेतलं.

बुधवारी सकाळी पहिल्याच बसने तुरतुरी बरणी घेऊन प्रयोगशाळेत आली. बरणी तिने टॉवेलमध्ये गुंडाळली होती. आत्याने ती पांढऱ्या बशीत ओतली, तेव्हा बशी पांढरी राहिली नाही. मोजायला दुपार झाली. तुरतुरी शेजारच्या स्टुलावर बसून होती. मधेच आत्याने तिला भिंगाशी बसवलं.

"हे पोट लाल दिसतंय ना, ती जेवलेली."

"हे रक्त आमचं?"

"तुझ्या मेंढ्यांचं."

तुरतुरी बराच वेळ डोळा लावून राहिली. "आणि ह्या फुगलेल्या?"

"पोटुश्या. अंडी घालायला टाकीखालचा चिखलच शोधतात."

"इतक्या!" ती म्हणाली. "माझ्यापेक्षा यांच्याच घरी बाळंतपणं जास्त."

आकडा आला तीन हजार चारशे बारा. मागच्या बुधवारचा होता अडतीस.

आत्याने दोन्ही आकडे एका कागदावर लिहिले आणि डॉक्टरांच्या खोलीत जाऊन त्यांच्या टेबलावर ठेवले. सगळं सांगितलं. स्वतःचं उकिरड्याचं वाक्यही, न गाळता. डॉक्टर उठून नकाशापाशी गेले.

"बाई, या सहा हिरव्या टाचण्यांवर मी अठरा पानं लिहिली आहेत."

"भाषण ना? मग छोटं होईल. लोकांना आवडतं."

डॉक्टरांना हसू आलं नाही. लगेच तरी आलं नाही. "एका बरणीवर बैठक यादी बदलणार नाही," ते म्हणाले. "म्हणतील, मंगळवारी वारा पडला असेल, दिवसच तसा असेल. आज बुधवार. सहाही ठिकाणी सापळे लागणारच आहेत."

"म्हणूनच आले. जीप द्या. मी स्वतः सांगून येते, आज पोटं सोडा म्हणून."

"काय सोडा?"

"जीपमध्ये सांगते. तुम्हीही चला, मेंढवाडे तुम्ही तरी कुठे पाहिलेत?"

डॉक्टरांनी मुकाट्याने चपला घातल्या. त्या दिवशी ते सहाही मेंढवाड्यांत फिरले आणि तुरतुरीचा सोडून पाचही ठिकाणी घरातल्या बायकांनी त्यांना तेच ऐकवलं: साहेब, आज जरा पसारा आहे, संध्याकाळी आला असतात तर बरं झालं असतं. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी पायातल्या चपला हातात घेतल्या. पाचव्या ठिकाणी एका मेंढीने त्यांच्या खिशातली टिपणवही चावली.

गुरुवारी सकाळी सहा बरण्या ओळीने टेबलावर आल्या. प्रत्येकीत हजारोंनी चिलटं. बैठक शुक्रवारी सकाळी. आत्याने बरण्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि चष्मा पुसला. मग एकोणीस वर्षांत जे तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं ते म्हणाली.

"डॉक्टर, चौथा हिस्सा काढा. चौपट करू."

टपाल विभागातले सर्दीवाले गृहस्थ हे ऐकून खुर्चीतून उठून उभे राहिले म्हणतात. हे मला टंकलेखकाने सांगितलं, आणि तो बरंच काही सांगतो.

एका बशीवर डॉक्टर, एका बशीवर आत्या. संध्याकाळी कार्यालय बंद व्हायच्या आत सहाही आकडे तयार होते. सर्वांत लहान अडीच हजारांच्या पुढे. शुक्रवारी सकाळी बैठकीआधी डॉक्टरांनी सहा हिरव्या टाचण्या उपटल्या आणि लाल टोचल्या. लाल टाचण्या पाचच शिल्लक होत्या. सहाव्या जागी आतोबांकडची मोत्याच्या डोक्याची टाचणी गेली. ती तुरतुरीची.

यादी बदलली. ज्यांची लस त्यामुळे दहा दिवस मागे गेली त्यांनी आत्याच्या नावाने बोटं मोडली. ती मोडणारच, आणि त्यांचं चुकत होतं असं आत्याही कधी म्हणाली नाही. पुढच्या आठवड्यात तुरतुरीच्या मेंढ्यांना सुया टोचल्या गेल्या. लस अंगात मुरायला महिनाभर लागतो. हातात तेवढे तरी दिवस आहेत अशी आशा होती.

राहिलेले दिवस आत्याने वही उसवण्यात घालवले. पान फाडलं नाही, आकडा खोडला नाही. चार वर्षांतल्या पूर्वेकडच्या प्रत्येक बुधवारासमोर लाल शाईने समासात तिने एकच ओळ लिहिली: 'पोट आत घेतलेलं माप.'

"बाई, हे सरकारी दप्तर आहे," डॉक्टर म्हणाले. "उद्या कोणी वाचलं तर काय समजेल?"

"शिंपी असेल तर लगेच समजेल. नसला तर तुमची अठरा पानं जोडा. चुकीचं माप कुठे नेतं हे दाखवायला आता ती कामाची झाली."

समारंभात मोठ्या साहेबांनी 'एकही चूक नाही' हे वाक्य वाचलंच. त्यांना कोणी कळवलं नव्हतं. टाळ्या पडल्या. आत्या उत्तराला उभी राहिली आणि तिने सांगितलं की चुका मोजून आठशेच्या वर आहेत, पान नंबर हवे असतील तर मिळतील, आणि त्या सगळ्या एका थट्टेतून झाल्या, जी थट्टा तिची स्वतःची होती. साहेबांना वाटलं हा विनयच. ते पुन्हा टाळ्या वाजवू लागले. मागच्या रांगेत तुरतुरी आणि शेजारचे पाच जण बसले होते, ते मात्र वाजवायचे थांबले.

त्या वर्षी रोग आला. दोन महिन्यांनी, दमट हवेत, आधी दुसऱ्याच बाजूला आणि मग पूर्वेला. तुरतुरीने लस झाल्यानंतर एक मेंढा आणला होता, त्याला तेवढी ती मिळाली नव्हती. त्याचे ओठ सुजले, तो तोंड उघडं टाकून उभा राहू लागला आणि एके सकाळी त्याची जीभ निळी दिसली. तुरतुरीने त्याला सावलीत वेगळं बांधलं, तीन आठवडे ओला मऊ चारा हाताने भरवला. मेंढा वाचला. अजून थोडा लंगडतो, आणि लंगडतानाही तुरुतुरु चालतो, घराण्याची रीत म्हणून. बेचाळीसपैकी एकीलाही काही झालं नाही. एकतीसपैकी एकोणतीस जणी नीट व्यायल्या. दोघींचं काय झालं ते रोगामुळे नव्हतं असं डॉक्टर म्हणाले, आणि तुरतुरीनेही ते मानलं.

त्यानंतरच्या एका गुरुवारी मी आत्याकडे बसलो होतो. दार वाजलं आणि तुरतुरी आत आली, टॉवेल न गुंडाळता, दोन्ही हातांत एकेक बरणी घेऊन. तोटी तिने घट्ट केली होती. दिराकडचा पंखा आता रोज संध्याकाळी मेंढ्यांवर लावत होती. त्याचा उपयोग होतो की नाही हे तिला बघायचं होतं, म्हणून एक सापळा पंख्याच्या वाऱ्यात मेंढ्यांपाशी आणि एक मागे टाकीच्या बाजूला टांगला होता. प्रयोगशाळेत नवा माणूस आहे, पण तो म्हणे फार गोड बोलतो. "त्याच्या बोलण्यावर विश्वास कसा ठेवायचा, बाई?"

आत्याने जेवणाच्या टेबलावर पांढरी ताटली मांडली. आतोबांनी मशिनवरचा दिवा आणि सुईत दोरा ओवायचं भिंग काढून दिलं. पहिली बरणी पंख्यापुढची. त्रेसष्ट. आत्याने फक्त मान हलवली. मग तिने टाकीकडची बरणी ओतली. ताटली काळी झाली.

आत्याने भिंग लावलं, एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. तुरतुरी श्वास रोखून उभी.

"शी! काय ही घाण!" आत्या म्हणाली. "काही लपवलं नाहीस. शाबास."

तुरतुरीने श्वास सोडला आणि खुर्ची ओढून ती मोजायला बसली.